म्हातारपणाचा हिशेब (भाग ४) : पगार वाढला, दाखला तिथेच

भोर तालुक्यात आणि शेजारच्या वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, सरकारकडून म्हाताऱ्या माणसांच्या खात्यात येणाऱ्या पैशाला ‘पगार’च म्हणतात. निराधारचा पगार, श्रावणबाळचा पगार. सध्या तो महिन्याला १,५०० रुपये आहे, म्हणजे दिवसाला पन्नास. महागाईच्या मागे धावताना हा पगार किती मागे पडतो, हे या भागात पाहायचे आहे. उत्तर वाटते तितके सरळ नाही.

मागच्या भागात निवृत्त सरकारी नोकरांचा हिशेब मांडला होता. भोरमध्ये राहणाऱ्या निवृत्त शिक्षकाला महागाईची फारशी चिंता नसते, कारण त्याची काळजी एक सूत्र वाहते. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी काढायची, ती २६१.४२ या मूळ आकड्याहून किती टक्के वर गेली ते पाहायचे आणि तेवढी महागाई वाढ द्यायची. जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा. जानेवारी २०२५ पासूनचा दर ५५ टक्के होता. राज्य सरकारने त्याचा आदेश ऑगस्टमध्ये काढला, तरी थकबाकीसह पैसे मिळाले. मूळ निवृत्तीवेतन १०,००० असेल, तर त्या दराने हातात १५,५०० पडतात. उशीर होतो, पण त्यासाठी कोणाला उपोषणाला बसावे लागत नाही.

वृद्धांसाठीच्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेला असे सूत्र नाही. २०१९ पर्यंत रक्कम ६०० रुपये होती. त्या वर्षी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ती १,००० झाली. जुलै २०२३ पासून १,५०० झाली. मधल्या काळात दर महिन्याला भाव वाढत राहिले आणि पगार जागच्या जागी राहिला. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाली. त्याआधी जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडू यांनी या मानधनवाढीसह इतर मागण्यांसाठी गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग आंदोलन केले होते. बाकीचे वृद्ध १,५०० वरच आहेत.

तरीही आकडे प्रामाणिकपणे मांडले, तर सरकारच्या बाजूने एक गोष्ट कबूल करावी लागते. देशाचा किरकोळ किमतींचा निर्देशांक २०१९-२० मध्ये सरासरी १४६ होता, २०२४-२५ मध्ये १९३ च्या जवळ पोहोचला. म्हणजे २०१९ च्या हजार रुपयांना आज साधारण १,३२० लागतात, आणि मिळतात १,५००. या मोजमापाने राज्याचा पगार महागाईच्या पुढे आहे.

केंद्राचे तसे नाही. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धाला मिळणाऱ्या १,५०० मध्ये केंद्राचा वाटा २०० रुपये. हा आकडा २००६ चा. त्यानंतर भाव तिपटीहून अधिक झाले, पण ऐंशीच्या आतल्या वृद्धांसाठी तो हललेला नाही. ऐंशी ओलांडलेल्यांना २०११ पासून ५०० मिळतात, तेही तेव्हापासून तेवढेच. वरची भर राज्य घालते.

आता खर्चाची बाजू. ग्रामीण भागाच्या २०१२ च्या निर्देशांक मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा ५४ टक्क्यांहून अधिक धरलेला आहे. ज्या निर्देशांकावर शिक्षकाची महागाई वाढ ठरते, त्यात तो ३९ टक्के आहे. म्हणजे जेवणाचे जिन्नस महागले, तर चटका गावातल्या म्हातारीला जास्त बसतो. धान्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे. जानेवारी २०२३ पासून रेशनवर प्राधान्य गटाला माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते, शिवाय भोर-वेल्ह्याच्या खाचरांत घरचा तांदूळ पिकतो. अडते ते डाळ, तेल आणि औषधाला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि ऐन सणात पिशवी महागली. मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाचा महागाई दर ०.२५ टक्के इतका खाली आला. पण दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नाही, ते वाढायचे थांबले एवढेच.

पैसे आणायलाही पैसे लागतात. मढे घाटाच्या माथ्यावरचे केळद किंवा वरंध घाटाच्या वाटेवरचे हिर्डोशी इथल्या माणसाला तहसील कार्यालयात काम निघाले, की एसटी धरून तालुक्याचे गाव गाठावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढले. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे. पासष्ट ते पंच्याहत्तर या वयात अर्धे तिकीट. बँकेत किंवा सेवा केंद्रात पोहोचल्यावर यंत्रावर अंगठा ठेवायचा. उभ्या जन्मात भातलावणी केलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र त्या ओळखत नाही. पुसून पुन्हा ठेवा, दुसरे बोट ठेवा, मग ‘उद्या या’. फुकटच्या प्रवासालाही दिवस मोडतोच.

पण महागाईचा खरा घाव रकमेवर नाही, उत्पन्नाच्या दाखल्यावर आहे.

श्रावणबाळचा लाभ मिळायला नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे, बाकी सगळ्यांना २१,०००. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, आणि तेही एकट्याचे नव्हे, घराचे. दहा वर्षांहून जास्त काळ हा आकडा जागचा हललेला नाही.

रोजगार हमीच्या मजुरीशी तो ताडून पाहावा. ती मजुरी दर एप्रिलला शेतमजुरांच्या निर्देशांकानुसार सुधारली जात आली आहे. २०१४-१५ मध्ये महाराष्ट्रात ती १६८ रुपये होती. घरातल्या एका माणसाने १२५ दिवस काम केले, तर बरोबर २१,००० व्हायचे. २०२५-२६ साठी मजुरी ३१२ झाली. आता अडुसष्टाव्या दिवशीच घर मर्यादेबाहेर जाते. घर श्रीमंत झालेले नाही, मजुरी महागाईबरोबर वर सरकली आणि मर्यादा बसून राहिली. ही मर्यादा २०१४-१५ पासून किरकोळ किमतींच्या निर्देशांकाला बांधली असती, तरी २०२४-२५ मध्ये ३४,००० च्या घरात असती.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि ही विसंगती उघडी पडली. तिथेही महिन्याला १,५००च, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वय २१ ते ६५. वेल्ह्यातल्या एखाद्या घराचे उत्पन्न वर्षाला साठ हजार धरा. तिथल्या चौसष्ट वर्षांच्या बाईला लाडक्या बहिणीचे पैसे मिळतात. पासष्ट पूर्ण झाली की ते बंद. मग श्रावणबाळचा अर्ज करायचा, तर दाखला एकवीस हजारांच्या आतला मागतात. यादीत नाव नसेल, तर अंगातली ताकद कमी होते त्याच वयात पगारही जातो.

तलाठ्यापुढे अशा वेळी दोनच वाटा उरतात. खरे उत्पन्न लिहायचे, तर म्हातारीचा अर्ज बाद होतो. कमी लिहायचे, तर दाखला खोटा ठरतो.

भोर-वेल्ह्यात तिसऱ्या प्रकारचेही म्हातारे आहेत. साखर कारखान्यात, एसटीत किंवा मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत वर्षानुवर्षे राबून गावी परतलेले. त्यांना भविष्य निर्वाह निधीतून ईपीएस-९५ चे निवृत्तीवेतन मिळते. त्याची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे आणि त्याला महागाई वाढ नाही. त्या हजाराची आजची किंमत आणि साडेसात हजारांची मागणी कुठे अडली आहे, हे पुढच्या भागात.