गंज जावा, माप राहावं

ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र हौशी मालक अजून जिवापाड जपतात. अशा गाडीचं खोललेलं इंजिन शेडमध्ये दोन-तीन पावसाळे पडून राहिलं, की बाहेर येतो तो तांबूस झालेला क्रँकशाफ्ट. मग कुणीतरी उत्साहाने ग्राइंडरला वायर ब्रश लावतो, आणि नुकसान तिथेच सुरू होतं.

चेसिसला किंवा ब्रॅकेटला वायर ब्रश चालतो. क्रँकच्या जर्नलला, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या घासून गुळगुळीत केलेल्या भागाला, तो अजिबात चालत नाही. जर्नल आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते, माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. तेवढ्या फटीतल्या तेलाच्या थरावर सगळा क्रँक तरंगतो. पॉलिश पेपरचे चार हात एका बाजूला जास्त पडले तरी जर्नलची गोलाई बिघडते. वाळूचा मारा तर आणखी वाईट, कारण तेलाच्या भोकांत अडकलेला कण पुढे बेअरिंग खातो. गास्केट बसण्याची जागा खरखरीत डिस्कने साफ करू नका, असा इशारा जनरल मोटर्सने आपल्या मेकॅनिकांना याच कारणासाठी दिला होता.

घासणाऱ्या साधनाला गंज आणि धातू यांतला फरक कळत नाही. काही द्रावणांना तो कळतो.

त्यांतलं सगळ्यांत मवाळ द्रावण साखर कारखान्यातल्या मळीचं. अमेरिका-ऑस्ट्रेलियातले जुन्या गाड्यांचे शौकीन पशुखाद्याच्या दुकानातून मळी आणतात, तिच्या नऊ-दहा पट पाणी घालतात आणि गंजलेला भाग त्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवतात. मळीतले घटक गंजातलं लोह पकडून पाण्यात उतरवतात, खालच्या चांगल्या धातूला फारसं छेडत नाहीत. पिंप आंबतं, वास उग्र येतो, पण काम सुरेख होतं. महाराष्ट्रात मळी मुबलक असली तरी तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, त्यामुळे ती सहज उचलून आणता येत नाही. साधारण याच तत्त्वावर चालणारी तयार द्रावणं बाजारात मिळतात. ती महाग असतात, पण बऱ्याचदा एका रात्रीत गंज काढतात.

बॅटरी चार्जर हाताशी असेल तर विजेचा मार्ग आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी, दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, गंजलेला भाग ऋण टोकाला आणि भंगारातली साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला. पट्टी झिजते, भागावरचा गंज सैल होऊन काळ्या भुकटीसारखा सुटतो आणि मूळ धातू शाबूत राहतो. स्टेनलेस स्टीलची पट्टी मात्र लावू नये, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेतच करावं आणि क्लिप काढण्याआधी चार्जर बंद करावा.

खरी भीती आहे ती संडास धुण्याच्या ॲसिडची. गंज मिनिटांत जातो, मग तेच ॲसिड लोखंडाला लागतं आणि चकचकीत जर्नल करडा, खरबरीत होतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगसारख्या कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं आणि चालत्या इंजिनात तुटू शकतं. पद्मिनीचं ॲल्युमिनियमचं हेड आणि जस्ताच्या मिश्रधातूचा कार्बोरेटर तर यांतल्या ॲसिडच्या, सोड्याच्या किंवा मळीच्या टबात घालूच नये.

बाहेर काढलेला भाग दमट हवेत बघता बघता पुन्हा तांबूस होतो. म्हणून तो लगेच धुवून, गरम हवेने सुकवून तेलात माखावा, तेलाची भोकं ब्रशने साफ करावीत आणि मग जर्नल मायक्रोमीटरने ठिकठिकाणी मोजावा. नखाला लागेल असा खड्डा उरला असेल, तर तिथला धातू गंजाने आधीच खाल्लेला आहे. अशा वेळी क्रँक मशीन शॉपमध्ये देऊन ०.२५ मिलिमीटरने ग्राइंड करून घ्यावा आणि त्याच मापाची अंडरसाइझ बेअरिंग बसवावीत.