अफरातफरीचा शोधप्रबंध

डॉक्टरेटचा प्रबंध म्हणजे दहा पुस्तकें वाचून अकरावें लिहिणें, अशी एक समजूत सुशिक्षित घरांतूनहि आढळते. परीक्षकांपुढें बसून चार प्रश्नांचीं उत्तरें दिलीं, कीं नांवामागें 'डॉक्टर' लागलें! कांहीं विषयांत हें कदाचित् खपून जात असेल. गुन्ह्यांचा अभ्यास करणारास मात्र ही सोय नाहीं; त्याचे खरे परीक्षक विद्यापीठाच्या दालनांत नसून तुरुंगाच्या भिंतीआड असतात. अमेरिकेंतील डोनाल्ड क्रेसी यांचा प्रबंध या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

क्रेसी हे इंडियाना विद्यापीठांत एडविन सदरलंड यांचे शिष्य. प्रतिष्ठित मंडळींच्या गुन्ह्यांवरील सदरलंड यांचा गाजलेला ग्रंथ १९४९ सालचा. गुन्हा जन्मजात नसून तो सहवासानें शिकला जातो, हें त्यांचें मत. शिष्यानें प्रश्न घेतला तो असा: ज्याच्या हातीं लोक विश्वासानें तिजोरीची किल्ली देतात, तोच मनुष्य पैसे कां खातो? उत्तरासाठीं त्यांनीं इलिनॉय राज्यांतील जोलिएटच्या तुरुंगांत कैद्यांच्या मुलाखती घेतल्या.

पहिली अडचण कायद्याच्या शब्दानेंच उभी केली. अपहाराबद्दल शिक्षा झालेले सारे एका जातीचे नव्हते. उलट, खरोखर विश्वासघात केलेले कित्येकजण फसवणूक, बनावट दस्तऐवज अशा निराळ्याच कलमांखालीं आलेले होते. तेव्हां क्रेसी यांनीं स्वतःची व्याख्या केली. मनुष्यानें ती जागा सद्बुद्धीनें स्वीकारलेली असावी, आणि मागाहून गुन्हा करून विश्वास मोडलेला असावा. चोरीच्याच हेतूनें नोकरींत शिरलेले गृहस्थ यांतून गळले. ही काटछाट क्षुल्लक दिसते. परंतु प्रबंधाचा पाया पक्का होतो किंवा खचतो तो येथेंच.

सामान्य रीत अशी कीं, शंभरांपैकीं सत्तरांना जें लागूं पडतें तें सांगावें व तीस सोडून द्यावे. क्रेसी यांनीं ही सोपी वाट टाकली. त्यांच्याच विद्यापीठांतील आल्फ्रेड लिंडस्मिथ यांनीं अफूच्या व्यसनाच्या अभ्यासांत जी रीत वापरली होती ती कठोर होती: एकहि उदाहरण विरुद्ध गेलें, कीं उपपत्ति बदलावयाची.

पहिली उपपत्ति गुरूच्या मताशीं जुळती होती. धंद्यांत वावरतां वावरतां 'हा खरा गुन्हा नव्हेच, केवळ नियमाची बाब आहे' असें मनुष्य शिकतो, आणि मग हात घालतो. कैद्यांनींच ती मोडली. आपलें कृत्य बेकायदेशीर आहे हें ठाऊक होतें, असें त्यांनीं सांगितलें. मग पैशाच्या निकडीची उपपत्ति आली. पण तशी निकड पूर्वींहि येऊन गेली असतां पैशाला न शिवलेले लोक निघाले. तीहि गेली. शेवटीं ध्यानांत आलें कीं, अडचण किती मोठी यापेक्षां ती दुसऱ्यास सांगतां येते कीं नाहीं, हें महत्त्वाचें. मुलीच्या आजारपणाचा खर्च सांगतां येतो; त्याला सासरा धांवतो, मित्र धांवतो. परंतु ज्याची अब्रूच व्यवहारचातुर्यावर उभी आहे, त्यानें सट्ट्यांतील तोटा कोणापुढें बोलावा? ही 'सांगतां न येणारी अडचण', आपल्या जागेमुळें ती गुपचूप सोडवितां येईल ही जाणीव, आणि 'मी हे पैसे केवळ उसने घेतों आहें' अशा जातीचे शब्द, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे अपहार घडतो, असें क्रेसी यांचें म्हणणें. हे शब्द पकडलें गेल्यावर शोधलेली सबब नव्हे. ते कृत्याच्या आधींच मनांत असतात. प्रबंधांतील सर्वांत मोलाची गोष्ट कदाचित् हीच असावी.

१९५० सालीं क्रेसी यांना पदवी मिळाली. त्याच वर्षीं सदरलंड वारले. पुढें कॅलिफोर्नियांतील चिनो व इंडियानांतील टेरे होट येथील कैदी मिळून एकूण १३३ जणांच्या आधारें १९५३ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला. मागाहून इतरांनीं या तीन गोष्टींना 'अपहाराचा त्रिकोण' असें नांव दिलें, आणि दबाव, संधि व समर्थन या रूपानें त्या भारतांतील हिशेबतपासनिसांच्या प्रमाणकांतहि आल्या आहेत.

अमेरिकन विद्यापीठांत उमेदवारास परीक्षकमंडळापुढें प्रबंधाचें तोंडी समर्थन करावें लागतें. तें एका बैठकींत आटोपतें; शंका मात्र मागें राहतात. सारे साक्षीदार शिक्षा भोगणारे. जे सांपडलेच नाहींत त्यांचें काय? तिन्ही गोष्टी जुळूनहि जो प्रामाणिक राहिला, तो तुरुंगांत भेटणार कसा? शिवाय हे सारे पुरुष. १९८१ सालीं डोरोथी झाईट्झ यांनीं अपहार करणाऱ्या स्त्रियांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकीं अनेकींनीं पैसे घेतले होते ते पति किंवा मुलें यांच्या गरजेसाठीं. लपवावयाची स्वतःची अडचण तेथें नव्हती. क्रेसी यांनीं स्वतःस घालून घेतलेल्या नियमाप्रमाणें, उपपत्ति पुन्हा लिहावयास अशी एक स्त्रीहि पुरेशी होती.