सुटलेल्या शिक्षणाचे श्रेयांक

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. परंतु नवापूर किंवा अक्कलकुवा तालुक्यातील विद्यार्थ्याला जळगावपेक्षा गुजरातमधील सुरत जवळ पडते, आणि ऊसतोडीच्या वा इतर मजुरीच्या निमित्ताने येथील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर त्याच दिशेला जातात. त्यामुळे पदवीचे शिक्षण मध्येच सुटणे आणि काही काळाने ते दुसरीकडे पुन्हा सुरू करावेसे वाटणे, हे या जिल्ह्यात नित्याचेच आहे. पूर्वी असा विद्यार्थी एक-दोन वर्षे उत्तीर्ण झालेला असला, तरी त्याच्या हाती गुणपत्रिकेखेरीज फारसे काही उरत नसे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार ही स्थिती बदलण्याची तरतूद झाली असून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली आहे. तिचा पाया म्हणजे श्रेयांक, अर्थात पूर्ण केलेल्या अभ्यासाचे मोजमाप: साधारणतः १५ तासांचे वर्गातील अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक मिळून एक श्रेयांक होतो. पहिल्या वर्षाअखेर किमान ४०, दुसऱ्या वर्षाअखेर ८० आणि तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक लागतात. पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्यास प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर थांबणाऱ्यास पदविका मिळू शकते; मात्र त्यासाठी कौशल्याधारित अभ्यासक्रमाचे किंवा प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे ४ जादा श्रेयांक पूर्ण करावे लागतात, आणि नेमक्या याच अटीची माहिती शिक्षण सोडणाऱ्याला वेळेत मिळणे सर्वांत आवश्यक असते.

हे श्रेयांक साठवण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये नियम करून शैक्षणिक श्रेयांक बँक स्थापन केली. विद्यार्थ्याचे खाते डिजिलॉकरमार्फत उघडते व ‘अपार’ या बारा अंकी क्रमांकाशी जोडले जाते. परंतु त्यात श्रेयांक विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाहीत, ते संस्थेनेच जमा करावे लागतात, आणि जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात.

खात्यात श्रेयांक असले, म्हणजे नव्या विद्यापीठात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश निश्चित झाला, असे मात्र नाही. नवी संस्था दोन्ही अभ्यासक्रम ताडून समकक्षता ठरवते, रिक्त जागा पाहते, आणि पदवी देणाऱ्या संस्थेत निम्मे तरी श्रेयांक मिळवलेले असावेत अशीही अट आहे. याखेरीज जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे तेथून जाण्यास हरकत नसल्याचा दाखला, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले जाऊ शकते. सीमा ओलांडणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यापुढे आणखी मोठी अडचण असते, कारण महाराष्ट्रातील अनुसूचित जमातीच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्याच्या कोट्यातील आरक्षण सामान्यतः मिळत नाही; म्हणून श्रेयांक हस्तांतरित झाले, तरी शुल्काची सवलत मागेच राहू शकते. नोकरी किंवा मजुरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, जे १९८९ पासून कार्यरत आहे, हा राज्यातच राहून शिकण्याचा पर्याय ठरतो.

वरवर किरकोळ वाटणारी, पण काम अडवणारी बाब नावाची आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, तर आधार कार्डावर बहुधा शेवटी असते. शिवाय महाराष्ट्रात ‘वसावे’ लिहिले जाणारे आडनाव सीमेपलीकडे ‘वसावा’ होते, आणि नोंदी जुळल्या नाहीत तर अपार क्रमांक तयार होण्यातच अडथळा येतो. कामासाठी परगावी गेलेल्या विद्यार्थ्याला ही दुरुस्ती करण्यासाठी मजुरी बुडवून परतावे लागणे अन्यायाचे आहे. म्हणून नावांची पडताळणी आणि श्रेयांक खाते उघडण्याचे काम महाविद्यालयाच्या कार्यालयाने प्रथम वर्षाच्या प्रवेशावेळीच, विद्यार्थी समोर असताना, पूर्ण केले पाहिजे.