कडा सरला, दीपगृह सरकलं

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्समधल्या बर्लिंग गॅपहून पूर्वेकडे चढण चढत गेलं की गवताळ माथ्यावर एक बसकं ग्रॅनाइटचं दीपगृह लागतं. बेल टूट. इथून समुद्र असा काही ऐसपैस दिसतो की दिव्याला याहून चांगली जागा कुठली, असंच कुणीही म्हणेल. १८३४ मध्ये इथे दिवा लागला.

बांधणाऱ्यांची युक्ती नामी होती. दिवा अगदी टोकावर न ठेवता जरा आत ठेवला. जहाज लांबून जातंय तोवर प्रकाश दिसे. फार जवळ आलं की कड्याची कडच दिव्याच्या आड येई. दिवा दिसेनासा झाला, म्हणजे जहाज वळवा. थोडक्यात, कडा हाच यंत्राचा अर्धा भाग. आणि तो खडूचा!

हा खडू म्हणजे डायनोसॉरच्या काळात समुद्रतळाशी साचलेली सूक्ष्म शेवाळांची कवचं. खाली किनाऱ्यावरून पाहिलं तर पांढऱ्या भिंतीत चकमकीच्या काळ्या गाठींच्या ओळी दिसतात. हात लावला की बोटं पांढरी. लाटा पायथा पोखरतात, भेगांत पाणी मुरतं आणि एके दिवशी मोठा लचका धाडकन खाली येतो. वर उभ्या माणसाला पायाखालचं पोखरलेलं दिसत नाही, म्हणून फोटोच्या नादात टोकाशी जाऊच नये.

कड मागे हटत गेली तसा हिशेब चुकला: धोक्यात आलेल्या जहाजालाही दिवा दिसू लागला. शिवाय एवढ्या उंचावरचा उजेड धुकं गिळून टाकी. १९०२ मध्ये बेल टूट निवृत्त झालं. नवं दीपगृह बीची हेड या कड्याच्या पायथ्याशी, थेट समुद्रात उभारलं. त्याचा दगड कड्यावरून रोपवेने उतरवला. ते ४३ मीटर उंच आहे, पण १६२ मीटरच्या कड्यावरून लाल-पांढऱ्या प्याद्याएवढं दिसतं.

जुन्याच्या पुढ्यातली जमीन तुटतच राहिली. १९९९ मध्ये सुमारे ८५० टनांची ती अख्खी वास्तू जॅकवर उचलून, काँक्रीटच्या तुळयांवरून १७ मीटर मागे सरकवली. विझलेल्या दिव्यासाठी एवढा खटाटोप? मला तरी तो पटतो. कडा किती सरला याची याहून बोलकी खूण त्या माथ्यावर नाही. आता तिथे प्रवाशांसाठी खोल्या आहेत, आणि पुन्हा मागे ढकलता यावं अशी सोय पायातच करून ठेवली आहे.