डॅटसनच्या डॅशबोर्डला सात भेगा

दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसलात की एकदा डॅशबोर्डला हात लावून बघा. चटका बसतो ना? आता तोच डॅशबोर्ड पन्नास वर्षं तसाच उन्हात ठेवला तर काय होईल? ते मी गेले पाच महिने दर रविवारी सकाळी नऊ वाजता बघतेय. व्हिडिओ कॉलवर.

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. आपल्याकडे रविवारची सकाळ, तेव्हा त्याच्याकडे शनिवारची रात्र. त्याच्या गॅरेजमध्ये उभी आहे १९७२ सालची डॅटसन २४०झेड. लांबलचक बॉनेट, दोनच सीटा, मागे उतरतं छप्पर. गाड्यांमधलं काही कळत नसलं तरी फोटो बघून ‘आई गं!’ म्हणाल अशी. निसाननं ती १९६९मध्ये जपानमध्ये आणली, तेव्हा नाव होतं ‘फेअरलेडी झेड’. अमेरिकेतला कारभार बघणारे युताका कातायामा यांना हे नाव अजिबात पसंत नव्हतं, म्हणून तिकडे ती इंजिनाच्या मापावरून, म्हणजे २.४ लिटरवरून, २४०झेड झाली. किंमत ३,५२६ डॉलर. जग्वार ई-टाइप परवडत नाही, पण तसं काहीतरी हवंय, अशा लोकांनी ती उचलून धरली.

इंजिनाबद्दल भरभरून बोलणारे ढिगानं सापडतील. मला सांगायचंय ते डॅशबोर्ड आणि समोरच्या काचेभोवतीच्या चकचकीत पट्टीबद्दल. कारण दादाची गाडी मस्त पळत होती. तिची वाट लागली होती ती इथे.

या डॅशबोर्डची रचना साधी आहे. आत धातूचा सांगाडा, त्यावर फोम आणि वरून काळं व्हिनाइल. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखी रसायनं मिसळलेली असतात. उन्हानं ती हळूहळू उडून जातात. व्हिनाइल आक्रसतं, कडक होतं आणि एक दिवस फाटतं. जुन्या स्कूटरची रेक्झिनची सीट आठवा. तसंच. दादाच्या डॅशबोर्डला सात भेगा होत्या. सगळ्यात मोठी मधल्या घड्याळापासून थेट काचेपर्यंत. कडा पापडासारख्या वर वळलेल्या आणि आतला पिवळा फोम बोट लावलं की भुगा.

‘नवीन बसव ना मग,’ मी लगेच म्हणाले.

‘कंपनी आता हा बनवत नाही गं. आहे तो हाच.’

मग उरतात तीन रस्ते. एक म्हणजे वरून प्लास्टिकचं पातळ टोपण चिकटवायचं. स्वस्त, झटपट आणि लांबून झकास दिसतं. पण एकदा गोंद लावला की खालचा मूळ डॅशबोर्ड गेला म्हणायचा. दुसरा, कारागिराकडे पाठवून नवीन कातडं चढवून घ्यायचं. काम सुरेख होतं, पण खर्च ऐकून मी विषय बदलला. तिसरा, आपल्या हातानं एकेक भेग भरायची. दादानं तिसरा निवडला. परवडणं हे एक कारण. दुसरं असं की बिघडलंच तर दुसऱ्या रस्त्यानं जाता येतं.

पहिली भेग त्यानं बिघडवलीच. पत्र्याला भरतात तसली कडक लांबी भरली, घासली, रंगवली. दोन शनिवार खूश होता. तिसऱ्या शनिवारी त्या लांबीच्या शेजारीच नवीन भेग! डॅशबोर्ड उन्हात फुगतो, रात्री आकसतो, आणि कडक लांबी जागची हलत नाही. मग ताण येतो बाजूच्या व्हिनाइलवर. नंतर त्यानं नीट केलं. वळलेल्या कडा कापल्या, कुजका फोम खरवडला, लवचिक फोम भरला, तो सुकल्यावर ब्लेडनं तासला, वर लवचिक फिलर आणि मग घासकाम. शेवटी मूळ व्हिनाइलचे चामड्यासारखे कण उठावेत म्हणून खास स्प्रे आणि त्यावर मंद काळा रंग. एका भेगेला सरासरी दोन शनिवार गेले.

आता काका. म्हणजे दादाचे बाबा. मावशी आणि ते मेमध्ये सहा महिन्यांसाठी तिकडे गेले. काकांनी पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं काढलीत. पहिले पंधरा दिवस त्यांनी टीव्ही बघितला. सोळाव्या दिवशी गॅरेजमध्ये गेले आणि काचेभोवतीची पट्टी हातात घेऊन म्हणाले, ‘अरे, हे क्रोम नाही, स्टेनलेस आहे.’

फरक मोठा आहे बरं का. क्रोम म्हणजे वरचा मुलामा. घासलात तर निघून जातो. स्टेनलेस आतून बाहेरून एकच, त्यामुळे ते घासून पुन्हा चमकवता येतं. काकांनी पट्टीचे पोचे मागून लाकडी ठोकळा आणि छोट्या हातोडीनं हळूहळू उठवले. मग पाण्यात भिजवून ४०० नंबरचा पॉलिश पेपर, पुढे ६००, ८००, १२००, २००० आणि शेवटी बफिंगचं चाक. चाक पट्टीच्या कडेवरून बाहेर फिरलं पाहिजे. कडेकडून आत फिरलं तर पट्टी हातातून हिसकून फेकतं. हे त्यांनी दादाला इतक्यांदा ऐकवलं की मलाही पाठ झालंय.

पट्टी निघाल्यावर खरी गंमत कळली. तिच्याखालच्या रबरात पाणी साचून काचेची चौकट खालच्या कोपऱ्यांत गंजली होती. वरून पट्टी चमकते आणि आत पत्रा सडतो. गंज खरवडून, प्रायमर आणि रंग मारून झाल्यावर काच बसवायची पाळी आली.

आजच्या गाड्यांची समोरची काच चिकटवलेली असते. या गाडीची, आपल्या पद्मिनीसारखी, रबरात बसते. काचेला रबर चढवायचं, रबराच्या आतल्या खाचेत दोरी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं. एकानं बाहेरून काच दाबायची, दुसऱ्यानं आतून दोरी ओढायची, की रबराची कड पत्र्यावर पलटी होते. पायजम्यात नाडी ओवता येणाऱ्याला हे जमेल असं वाटतं. जमलंही. फक्त पट्टी आधी बसवायची राहिली.

ती रबरात आधीच बसवायची असते, कारण काच गाडीत घट्ट बसली की खाच दाबली जाते. दादा म्हणाला, वरून ठोकू. काका म्हणाले, काढ. पंधरा मिनिटं दोघं भांडले, मी पुण्यात चहा पीत ऐकत होते. शेवटी काढायला घेतली आणि कोपऱ्यातून ‘टक्’ असा आवाज आला. काचेत बोटभर रेघ. कोणी काही बोललं नाही. मावशीनं फोन हातात घेतला आणि म्हणाली, ‘तू नंतर कर गं.’

नवीन काच यायला तीन आठवडे लागले. काकांचं परतीचं तिकीट २८ ऑक्टोबरचं आणि नोव्हेंबरपासून तिकडे पाऊस सुरू होतो, त्यामुळे घाई होतीच. या वेळी पट्टी आधी, दोरी नंतर. दाबायला काका बाहेर, ओढायला दादा आत. ‘सावकाश रे, सावकाश,’ एवढंच ऐकू येत होतं.

गेल्या रविवारी पाण्याची परीक्षा झाली. दादा बाहेरून पाइप मारतोय, काका आत बॅटरी घेऊन डॅशबोर्डवर ओणवे. सात भेगांपैकी सहा मला फोनवर तरी शोधून सापडल्या नाहीत. घड्याळाजवळची मोठी तिरक्या उजेडात अजून दिसते. दादा ती पुन्हा घासणार होता, काकांनी नको म्हणून सांगितलं.

दहा मिनिटं काहीच नाही. मग काकांनी काच ठोठावली, पाइप बंद करायची खूण केली आणि बॅटरी डाव्या खालच्या कोपऱ्यावर धरली. एक थेंब. बारीक, पण थेंबच.

‘दोरी आण,’ काका म्हणाले.