दमावरचा चहा

हैदराबादच्या खाण्यावर लिहा, पण बिर्याणी सोडून, असं संपादकांनी बजावलं होतं. बरंच झालं. बिर्याणी पाहुणे आले की होते, लग्नात होते. नाक्यावरच्या इराणी हॉटेलात मात्र माणूस रोज जातो. सकाळी कामाला निघताना बनमस्का, दुपारी खिमा भरलेली चौकोनी लुखमी, संध्याकाळी गोड-खारट उस्मानिया बिस्किटं, आणि या सगळ्याबरोबर चहा. पावाचं, बिस्किटांचं कौतुक पुष्कळांनी केलं आहे. मी मात्र चुलीपाशी रेंगाळले, कारण हॉटेलचं सगळं गणित तिथे मांडलेलं असतं.

इतिहास थोडक्यात सांगते. यझ्द आणि आसपासच्या भागातून दुष्काळ, गरिबी मागे टाकून आलेली इराणी माणसं मुंबई-पुण्यात स्थिरावली आणि त्यांतली काही निजामाच्या राज्यात उतरली. मुंबईचे इराणी हॉटेलवाले बहुतेक जरथुश्त्री, हैदराबादचे बहुतेक मुसलमान. पुण्यात डेक्कनवर गुडलक सुरू झालं ते 1935 साली. हैदराबादेत आबिड्सला ग्रँड हॉटेल उघडलं तेही त्याच वर्षी. आबिड्सच्याच ओरिएंट हॉटेलात मखदूम मोहिउद्दीनांसारखे शायर आणि कामगार चळवळीतली माणसं बसत. ते हॉटेल आता नाही. चारमिनारच्या सावलीतलं निमरा त्या मानाने नवं, 1993 सालचं, तरी आज बाहेरगावचा माणूस आधी तिथेच जातो. लकडी का पूलजवळच्या कॅफे निलोफरचे बाबूराव तर त्याच कॅफेत पोऱ्या म्हणून झाडू मारत होते. पुढे ते मालक झाले आणि जवळच्या रुग्णालयांतल्या पेशंटांच्या नातेवाइकांना जेवण देऊ लागले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

मला भेटलेला चहावाला उस्ताद कुठल्याच प्रसिद्ध हॉटेलातला नव्हता. नामपल्लीच्या बाजूला, दहा-बारा टेबलांच्या जागेत तो पहाटेपासून उभा असतो. त्याच्यासमोर दोन भांडी. एक तांब्याचं, आतून कल्हई केलेलं, गळ्याशी अरुंद. त्यात पाणी आणि चहाची बारीक भुकटी, ज्याला बाजारात डस्ट म्हणतात ती. तोंडावर ओलं फडकं घट्ट बांधलेलं आणि वर झाकण. खाली आच इतकी मंद, की पाणी खळखळू नये. बिर्याणीला देतात तसाच हा दम. वाफ बाहेर जात नाही, वास आतच फिरतो आणि अर्क हळूहळू उतरतो. दुसऱ्या भांड्यात दूध, तेही तासन्‌तास आटणारं. उस्ताद अधूनमधून कडेची साय खरवडून पुन्हा दुधात लोटतो.

ही दोन्ही भांडी एकमेकांवाचून निरुपयोगी आहेत. इतका वेळ दमावर राहिलेल्या अर्कात चहाचा तुरटपणा पुरेपूर उतरलेला असतो. नुसता प्यायलात तर जीभ आखडते. दुधातली प्रथिनं तो तुरटपणा धरून ठेवतात, म्हणून दूध दाट लागतं. पातळ दुधात हा अर्क कडवट लागेल आणि आटीव दुधात साधा चहा ओतला तर बासुंदी होईल. दोघांची भेट थेट कपात होते. ‘पौना’ मागितलात तर दुधाचं पारडं जड, ‘खडा चम्मच’ म्हणालात तर चमचा उभा राहील इतकी साखर. हे प्रमाण उस्तादच्या मनगटात असतं. मोजायला काही नाही, वाटी नाही, खूण नाही. तरी सकाळचा आणि दुपारचा कप मला सारख्याच रंगाचा दिसला. इराणात चहा बिनदुधाचा पितात, साखरेचा खडा दातांत धरून. ही दोन भांड्यांची जोडी इथे, दख्खनात जुळली, आणि मला ती या शहराची फार मोठी कमाई वाटते.

पण या पद्धतीला एक अट आहे: गर्दी. दमावरचा अर्क ठेवून चालत नाही. एका हद्दीपलीकडे तो काळवंडतो, कडू होतो आणि ओतून द्यावा लागतो. दूधही सतत आटत असतं, म्हणजे गिऱ्हाईक नसतानाही पैसा वाफेवाटे जात असतो. मोठ्या नावाच्या हॉटेलांत रांग तुटतच नाही, त्यांचं निभतं. मोहल्ल्यातल्या हॉटेलात दुपारची दोन तास मंदी आली की मालक आधी दमाचं भांडं उतरवतो. दूध-पाणी-पत्ती एकाच पातेल्यात उकळायला लागतो. पाटी तीच राहते.

त्यात जागेचा प्रश्न. इराण्यांनी धरले ते कोपरे, जे इतर व्यापारी अशुभ म्हणून घेत नसत असं सांगतात. आज तेच कोपरे सर्वांत महाग आहेत, आणि रस्ता रुंद करायचा झाला तर आधी जातात तेही तेच. एका चहावर दोघांनी तासभर बसायचं हा या हॉटेलांचा रिवाज. त्या भाड्यात तो बसत नाही. मालकांची मुलं शिकून परदेशी गेली, त्यांना दोष कसा द्यावा? कोपऱ्यावर मग मोबाइलचं दुकान येतं, किंवा बर्गरचं, जिथे खाऊन झाल्यावर कोणी उठवत नाही, पण बसावंसं वाटू नये अशीच खुर्ची असते. शेजारी चहाच्या साखळी दुकानांतून कागदी कपात उभ्याउभ्या मिळणारा चहा.

मला सर्वांत काळजी वाटते ती कल्हईची. तांब्याच्या भांड्याची कल्हई उडाली की चहाला धातूची चव येते आणि ते अंगालाही बरं नाही. भांडं वरचेवर कल्हईला द्यावंच लागतं. आपल्या गावांतून कल्हईवाले कधीच दिसेनासे झाले, इथेही ते मोजकेच उरलेत. उस्तादचा मालक म्हणूनच स्टीलचं भांडं आणायच्या विचारात आहे. स्टील एका जागी तापतं, मंद आच सगळीकडे सारखी पोचवत नाही, बुडाशी अर्क करपतो, हे उस्तादने त्याला सांगून पाहिलं. हैदराबादी हलीमला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तांब्याची देग, लाकडाची आच, शिजवण्याचे तास हे सगळं कागदावर आलं. चहाच्या पाटीला कोणी अशी अट घालत नाही. उस्तादच्या हाताखाली सध्या बिहारहून आलेला एक मुलगा आहे. तो दूध उत्तम आटवतो. दमाचं फडकं सोडायची वेळ अजून उस्तादच ठरवतो.