चोरून खाण्यापासून चोरून पाहण्यापर्यंत

मोबाइलमधील निरोप कोणी परस्पर वाचल्याची बातमी आली, की मराठी वृत्तपत्रांत ‘स्नूपिंग’ हा इंग्रजी शब्द डोकावतो आणि ‘हेरगिरी’ या प्रतिशब्दावर काम भागवले जाते; परंतु हेर हा राजाने किंवा सरकारने धाडलेला असतो, तर ‘स्नूप’ करणाऱ्याला कोणी धाडावे लागत नाही, त्याची स्वतःची हाव पुरेशी असते.

या शब्दाचे मूळ डच भाषेतील ‘स्नुपेन’ या क्रियापदात असून त्याचा अर्थ गोडधोड चोरून खाणे असा आहे. अमेरिकेतील डच वसाहतींमधून तो तेथील इंग्रजीत आला आणि 19व्या शतकात रुळला. फडताळातला लाडू कोणाच्या नकळत तोंडात टाकणे आणि दुसऱ्याच्या ट्रंकेतले पत्र उघडून वाचून पुन्हा तसेच घडी घालून ठेवणे, या दोहोंतील साम्यामुळे त्याचा अर्थ खाण्याकडून पाहण्याकडे सरकला. मराठीनेही ही सांगड स्वतंत्रपणे घातली आहे, कारण दुसऱ्याच्या घरात ‘काय शिजते आहे’ याची उत्सुकता आपणही स्वयंपाकघराच्याच भाषेत सांगतो.

मराठीत या छटांना वेगवेगळे शब्द आहेत. भोचक माणूस तोंडावर प्रश्न विचारतो, म्हणून तो त्रासदायक असला तरी चोरटा नसतो. कानोसा घेण्यात सावधपणा असू शकतो. पाळत मात्र ठरवून, दिवसेंदिवस ठेवली जाते. ‘स्नूपिंग’ला यांपैकी एकही शब्द पुरता बसत नाही, आणि ‘चोरून पाहणे’, ‘चोरून वाचणे’ ही साधी जोडणीच सर्वांत नेमकी ठरते, कारण मूळ डच शब्दातील चोरी तिच्यात शाबूत राहते.

नजर ठेवणारा प्रत्येक जण चोरटाच असतो असे नाही. मराठेशाहीत दरबारोदरबारी अखबारनवीस, म्हणजे बातमीपत्रे लिहून धाडणारे लेखक, असत. त्यांचे तेथे असणे यजमानालाही ठाऊक असे, म्हणून त्यांच्या कामाला चोरी म्हणणे योग्य होणार नाही.

नजर ठेवणे कोठवर योग्य, हा प्रश्न पुढे मध्य प्रदेशातून न्यायालयापुढे आला. ज्याच्यावर पोलीस नजर ठेवतात, त्याला तेथे ‘निगरानी बदमाश’ म्हणतात, आणि राज्याच्या पोलीस नियमावलीतील 855 व 856 या नियमांनी अशा माणसाच्या घरी रात्री-अपरात्री, अनियमित अंतराने जाऊन पाहणी करण्याची मुभा पोलिसांना दिली होती. गोविंद नावाच्या याचिकाकर्त्याने त्यांना आव्हान दिले. 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केले नाहीत, परंतु समाजाच्या सुरक्षिततेला स्पष्ट धोका असेल तरच अशा घरभेटी द्याव्यात, पोलिसांच्या लहरीवर देऊ नयेत, असे बजावले, आणि खासगीपणाचा हक्क राज्यघटनेत आहे असे हातचे राखून गृहीत धरले. हा निकाल भित्रा वाटतो, तरी उंबऱ्याच्या आत शिरणाऱ्या नजरेला कारण सांगावे लागेल, ही गोष्ट त्याने रुजवली. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने, काहीही गृहीत न धरता, तो हक्क मूलभूत असल्याचे जाहीर केले.